हंडा, आड आणि हापसा : आपल्या दिंडीच्या पाण्याची गोष्ट



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा विश्वस्त मंडळींचा निरोप आला तेव्हा मी कांद्याला पाणी देत होतो. माझं शिक्षण चौथी. कीर्तनाला दोन तास उभं राहायची भीती वाटत नाही, पण कागदापुढं बसलं की हात जड होतो. म्हणून नातीला शेजारी बसवलं. जिथं जोडाक्षर अडलं तिथं तिनं सांगितलं. बाकी जे चुकलं असेल ते माझं, माऊलींनी पदरात घ्यावं.

दिंडी कोणी काढली, वीणा कोणाकोणाच्या गळ्यात होती, पहिला मृदंग कुठून आणला, हे या अंकात जाणत्या मंडळींनी लिहिलेलं आहेच. मी पाण्याचं लिहितो. एकादशीला माणूस अन्नावाचून राहतो, दोन दिवससुद्धा राहील. पण पाण्यावाचून खर्ड्याच्या माळावर एक दुपार निघत नाही. शंभर वर्षं आपण चाललो ते कोणाच्या पाण्यावर चाललो, ते कुठंतरी लिहून ठेवलं पाहिजे. आणि त्यात एक गोष्ट अशी आहे, जी दिंडीच्या वहीत चुकीची लिहिली गेली आहे. ती दुरुस्त करायची म्हणून मुख्यतः हा लेख.

शके १८४७, म्हणजे इंग्रजी १९२५ साली आपली दिंडी पहिल्यांदा निघाली. पंचवीसेक माणसं होती असं आमचे आज्जा सांगायचे. पाटोदा, खर्डा, परंडा, कुर्डू, करकंब अशी आपली वाट. नकाशात बघितलं तर ही सगळी पावसाच्या आडोशाची जमीन. भीमेला पोचेपर्यंत मोठी नदी नाही. सीना लागते, पण आषाढात सीनेला पाणी असेलच असं नाही. वाळूत झिरा काढायचा, वाटीवाटीनं पाणी भरायचं, फडक्यातून गाळायचं. दिंडीत तुळशीबरोबर डोईवर हंडा घेतलेली बाई चालते, ती आज लोकांना शोभेची वाटते. फोटो काढतात. त्या काळात तो हंडा शोभेचा नव्हता. कोणाला भोवळ आली तर त्यातलंच पाणी. आमची आज्जी सोळा वर्षं हंड्याला होती, तिच्यामागं आमची माय.

त्या काळी वारीत माणसं मरायची. पटकीनं मरायची. कोणी तिला महामारी म्हणत, कोणी वाखा म्हणत. रात्री माणूस भजनात टाळ वाजवतोय, पहाटे उलट्या-जुलाब, संध्याकाळी डोळे खोल गेलेले, आणि दुसऱ्या दिवशी नाही. आपली दिंडी निघण्याआधी पंधरा-वीस वर्षं इंग्रज सरकारचं पंढरपूरच्या यात्रेवर बारीक लक्ष होतं. पालखी म्हणजे रोग घेऊन फिरणारी गाडी, असा त्यांच्या अधिकाऱ्यांचा समज होता. यात्रा बंद करा, पालख्या अडवा, असं चालायचं. पुढं टोचून घेण्याचा नियम आला. आज्जा सांगायचे, दंड उघडा करून रांगेत उभं राहायचं, सुई घ्यायची, कागद मिळायचा, तो कागद पडशीत जपायचा. काही मंडळी सुईच्या भीतीनं आडवाटेनं, रात्रीतून पंढरीत शिरायची. लस शोधणारा हाफकिन नावाचा परदेशी माणूस. त्यानं कलकत्त्यात पटकीची लस माणसांवर वापरून दाखवली. मुंबईला परळमध्ये त्याच्या नावाची संस्था आहे, तिला त्याचं नाव मिळालं तेही १९२५ सालीच. म्हणजे आपल्या दिंडीची आणि त्या नावाची बरोबरी आहे.

सुई वाईट होती असं मी म्हणत नाही. पण माझं एक म्हणणं आहे. पटकी पाण्यातून येते हे तेव्हा ठाऊक झालेलं होतं. कॉख नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात तिचा जंतू दाखवला होता. तरी वारकऱ्याला टोचलं, वारकऱ्याला अडवलं, पण वाटेवरच्या आडाला कठडा काही बांधला नाही. मुक्कामाचं गाव पाचशे वस्तीचं. एका रात्रीत तिथं दोन-तीन हजार माणसं उतरायची. आडाला कठडा नाही, भोवती अंघोळी, धुणी, आणि थोडं पलीकडं परसाकडं. रात्री पाऊस आला की सगळं वाहून आडात. पहाटे त्याच आडात चारशे पोहरे उतरायचे. यात दोष वारीचा किती आणि आडाचा किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

दुसरं दुखणं नारूचं. आताच्या पोरांना नारू म्हटलं तर झाडाचं नाव वाटतं. नारू म्हणजे पायातून निघणारा किडा, दोऱ्यासारखा पांढरा, हातभर लांब. पोटरीला नाहीतर घोट्याला फोड यायचा, आग व्हायची, फोड फुटला की किड्याचं तोंड दिसायचं. ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं ओढायचं. तुटला की पाय सुजलाच. मी लहानपणी असे पाय बघितलेत, पायाला काडी बांधून वारी चालणारे. लोक त्याला देवाचा कोप म्हणायचे, नवस बोलायचे.

याचं मूळ कुठं, तर पायऱ्यांच्या विहिरीत. आपल्या भागात बारवा पुष्कळ. जामखेड तालुक्यातलं चोंडी हे अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. त्यांचा जन्म ३१ मे १७२५ चा. त्या माउलीनं देशभर यात्रेकरूंसाठी विहिरी, बारवा, घाट बांधले. तहानलेल्यानं पायऱ्या उतरून थेट पाण्याला हात लावावा, दोराची-पोहऱ्याची गरज पडू नये, हा त्या पायऱ्यांमागचा दयाभाव. पण नारूचा माणूस आग थंड करायला पाय पाण्यात घालायचा. किडा त्या पाण्यात आपली पिलं सोडायचा. ती पिलं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात जायची, ते पाणी कोणी प्यालं की सालभरानं त्याच्या पायातून नारू निघायचा. म्हणजे दयेच्या पायऱ्यांवरूनच रोग वर यायचा. यात अहिल्याबाईंचा काय दोष! त्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

नारूवर औषध नाही, लस नाही. तो गेला तो नुसत्या फडक्यानं, आणि पायऱ्या बुजवून. १९८३-८४ च्या सुमाराला सरकारनं मोहीम घेतली. गावोगाव माणसं फिरली. दुहेरी फडक्यातून पाणी गाळा, नारूवाल्यानं पाण्यात उतरू नये, पाण्यात औषध टाका, पायऱ्यांच्या विहिरीला कठडा बांधून वरून शेंदा, जमलं तर हापसा बसवा. आपल्या दिंडीत तेव्हापासून हंड्याच्या तोंडाला दुहेरी धोतराचं फडकं बांधायचा नेम झाला. देशातला शेवटचा नारूचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त झाल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा दाखला आला. मला विचाराल तर हा चमत्कारच, पण तो घरोघरीच्या बायांनी केला, रोज पाणी गाळून.

आता जे लिहायचं ते अवघड आहे. पण लिहितो.

आपली दिंडी निघाल्यावर दोनच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. तळं सार्वजनिक, तिथं जनावरं पाणी प्यायची, फक्त काही माणसांना बंदी होती. पुढं वीस वर्षांनी, मे १९४७ मध्ये, साने गुरुजींनी पंढरपूरला दहा दिवस उपोषण केलं आणि विठोबाच्या मंदिराचं दार सगळ्यांना उघडलं. आम्ही कीर्तनात हे मोठ्या अभिमानानं सांगतो. सांगावंच. पण मंदिराचं दार उघडलं म्हणून गावच्या आडाचा कठडा उघडला नव्हता. देव पंढरीला एकदा भेटतो. पाणी रोज लागतं.

आपल्या दिंडीत तेव्हाही मागं काही मंडळी चालायची. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, पाठांतर आमच्यापेक्षा चांगलं. पण मुक्कामाला पाणी भरायच्या वेळी ती लांब उभी राहायची. आपल्यातला कोणीतरी वरून त्यांच्या घागरीत ओतायचा. कधी लवकर ओतायचा, कधी विसरायचा. चोखोबांचा अभंग झाला की सगळे डोळे पुसायचे आणि मग पाणी वरून ओतायचे. नाथांनी रामेश्वराच्या कावडीतलं पाणी तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही कथा मी स्वतः दोनशे वेळा तरी सांगितली असेल. लहानपणी ऐकताना मला कधी वाटलं नाही की मागं उभ्या असलेल्या माणसांच्या घागरीचा आणि या कथेचा काही संबंध आहे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. खरं तर त्याच्या आधीची दोन वर्षंही नीट नव्हती. आड आटले, विहिरी आटल्या, खडी फोडायला सगळं गाव रस्त्यावर. मिलो आणि सुकडी खाऊन आम्ही वाढलो. विहिरीचं पाणी गेलं की खोल जावं लागतं, आणि खोल जायला हातानं खणून भागत नाही. त्या वर्षांत पहिल्यांदा बोअर पाडणारी मशीन आमच्या भागात दिसली. दगडातून पांढरी भुकटी उडायची आणि आम्ही पोरं लांबून बघायचो.

त्या आधी १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे नवरा-बायको आले होते. जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत त्यांनी काम सुरू केलं. मोठे शिकलेले डॉक्टर, परदेशात जाऊन आलेले. पण गावात गेल्यावर लोकांनी औषध नाही मागितलं. पाणी मागितलं, खायला मागितलं. त्यांनीही मग तेच आधी धरलं. गावागावांत तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी केली, बोअर घेतले, हापसे बसवले. आणि गावातल्याच बायांना, त्यातही बऱ्याच दलित आणि निरक्षर, आरोग्याचं शिक्षण दिलं. पाणी कसं झाकावं, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यावं, हे त्या बाया घरोघर सांगायच्या. डॉक्टर गावात रोज नसायचे, ती बाई रोज असायची. या कामासाठी त्या दोघांना १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्यांनी एक गोष्ट अशी केली की आजही आठवली तर हसू येतं आणि मान खालीही जाते. बोअर कुठं घ्यायचा हा प्रश्न आला की त्यांनी जागा मुद्दाम दलित वस्तीत धरली. भांडण नाही, भाषण नाही. पाणी हवं तर तिकडं जा. मग गावातल्या बाया घागर घेऊन वस्तीत जायला लागल्या. आधी मागून-पुढून बघत, मग उघड. ज्या माणसांना वरून पाणी ओतायचे, त्यांच्याच दारात आता रांग लागली.

१९७३ सालची आषाढी. मी तेरा वर्षांचा, शाळा सुटून तीन वर्षं झालेली. आमचे वडील वीणेकरी, सगळी दिंडी त्यांना आबा म्हणायची. चुलते टाळकरी. मायच्या डोक्यावर हंडा. मृगाचा एक मोठा पाऊस होऊन गेला होता. खर्ड्याच्या अलीकडं एका गावात आम्ही दुपारी टेकलो. गावचा आड वर्षभर कोरडा होता, त्यात पावसाचं पाणी उतरलेलं, तांबडं, वर काड्या-लेंड्या तरंगतायत. आणि खालच्या वस्तीत हापसा. तिथं पाणी काचेसारखं.

चार जाणती मंडळी झाडाखाली बसली. कोणी म्हणालं, आपद्धर्म आहे, चालतं. कोणी म्हणालं, आज चाललं की उद्या चालवावंच लागतं. आबा काही बोलले नाहीत. चुलत्यांना तांब्या दिला आणि म्हणाले, "आडाचं आण." चुलत्यांनी आडाचं पाणी आणलं, फडक्यातून गाळलं, वीणेकऱ्याला दिलं, स्वतः प्याले. आणखी सात-आठ जण प्याले. गाळलं की पाणी शुद्ध होतं, असं सगळ्यांना वाटायचं. फडक्यानं नारूचा किडा अडतो, पटकी-हगवणीचा जंतू अडत नाही. तो फडक्याच्या धाग्यातून आरामात जातो.

मायनं मला खूण केली. हंडा रिकामा होता. आम्ही दोघं वस्तीकडून गेलो. हापशावर एक म्हातारी होती. तिनं मायच्या गळ्यातली माळ बघितली आणि बाजूला झाली, "भर माय, म्या लांब व्हते" म्हणाली. माय म्हणाली, "मावशी, लांब कशाला? माझ्या पोराला ताकद नाही, तूच हापस." म्हातारीनं हापसलं. हंडा भरला. माय परत आली आणि कोणाला काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत अर्धी दिंडी त्या हंड्याचं पाणी प्याली. मला तिनं एवढंच सांगितलं, "तोंड उघडलं तर याद राख."

तिसऱ्या दिवशी परंड्याला आडाचं पाणी प्यालेले सगळे आडवे झाले. आबा वाचले. चुलते नाही वाचले. मुक्कामाला पहाटेच्या काकड्याच्या वेळी गेले. हंड्याचं पाणी प्यालेल्यांपैकी एकालाही काही झालं नाही.

दिंडीच्या वहीत त्या सालच्या पानावर लिहिलेलं आहे, की टाळकरी अमुक यांनी वारीत देह ठेवला, भाग्यवान. दर वर्षी पुण्यस्मरणात ते नाव याच शब्दांत वाचलं जातं. मी स्वतः ते कितीदा तरी वाचलं. माझी विश्वस्त मंडळींना हात जोडून विनंती आहे, या स्मरणिकेत ते पान छापताना पुढं एक ओळ वाढवा : दूषित पाण्याने, हापसा शंभर पावलांवर असताना. चुलते विठ्ठलाला प्रिय होते यात शंका नाही. पण त्यांना दोन लहान लेकरं होती, आणि चुलतीनं पुढं तीस वर्षं खुरपं हाणलं. तिला कोणी भाग्यवान म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी आबांनी त्या गावात दिंडी थांबवली. वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली, तांब्या घेतला आणि सरळ वस्तीत गेले. म्हातारी होती. तिनं हापसलं, आबांनी तांब्या धरला, तिथंच उभ्यानं प्याले. मग तिला बाजूला करून स्वतः हँडल धरलं आणि वस्तीतल्या बायांच्या घागरी भरून दिल्या. कोणी काही बोललं नाही. हंड्याचं माय मात्र कधी बोलली नाही. ते तिनं मला आबा गेल्यावर सांगायची मोकळीक दिली. भावाचा जीव गेल्यावर आबा त्या वस्तीत गेले याचं मला दुःखही आहे, आणि गेले याचा अभिमानही आहे. दोन्ही खरं आहे.

तेव्हापासून त्या वस्तीत आपला दुपारचा विसावा आहे. भाकरी-पिठलं तिथंच होतं.

आता थोडं हापशाबद्दल, कारण मी पुढं बारा वर्षं आमच्या गावच्या हापशाची देखभाल केली. सुरुवातीला जे हापसे आले ते बिडाचे. परसात एका घरापुरते वापरायला केलेली ती परदेशी चाल. आपल्याकडं एका हापशावर अख्खं गाव, पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत. दोन महिन्यांत दांडा मोडायचा. १९७४ च्या सुमाराला पाहणी झाली तेव्हा चारातले तीन हापसे बंद सापडले. बोअर खोल, पाणी आहे, आणि वर लोखंड मोडून पडलेलं. मोडलेल्या हापशाला गाय बांधलेली मी बघितली आहे.

यावर उपाय निघाला तो आपल्याच मुलखात. जालन्याला मिशनच्या लोकांनी आधी पोलादी पाईपचा मजबूत हापसा केला. मग सोलापूरला कार्लसन नावाच्या स्वीडिश मेकॅनिकनं त्यात सुधारणा केली. एकच सांधा, त्यात बेअरिंग, आणि दांड्याला साखळी, म्हणजे ओढ सरळ खाली लागते, दांडा वाकत नाही. त्याला सोलापूर पंप म्हणायचे. त्यावरूनच पुढं युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू निघाला, आणि १९७७ नंतर तो देशभर गेला, देशाबाहेरही गेला. आफ्रिकेतल्या खेड्यात जो हापसा वाजतो त्याचं मूळ पंढरपूरच्या जिल्ह्यात आहे, हे मला आमच्या पंचायत समितीच्या मेकॅनिकनं सांगितलं तेव्हा छाती भरून आली.

तरी हापसा लोखंडाचा असतो. बुडातलं कातडी वायसर झिजतं, साखळीला ग्रीस लागतं, ओट्याला तडा गेला की घाण पाणी परत आत मुरतं. वेळेवर वायसर बदललं तर पन्नास रुपयांचं काम. नाही बदललं तर अख्खं गाव पुन्हा आडावर. मी गावात घरटी वर्गणी काढायचो. द्यायला कुरकुर करणाऱ्यांना सांगायचो, पंढरीला नारळ कमी न्या, पण वायसरचे पैसे द्या. यावरून माझ्यावर काही मंडळी रागावली, अजून आहेत.

१९९० नंतर आपली दिंडी वाढली, चारशेवर गेली. टँकर आले. टँकर आला की सोय झाली असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलं. एका वर्षी, पाण्याची जबाबदारी माझ्याकडं असताना, कोणा दात्यानं टँकर पाठवला. कुठून भरला हे मी विचारलं नाही. दान आहे, विचारायचं कसं! रात्रीतून साठ जणांना जुलाब. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी आणि पोरांनी रात्रभर मीठ-साखरेचं पाणी पाजलं, म्हणून कोणी दगावलं नाही. चुलत्यांचं पान वाचणारा मी, आणि चूक तीच केली. त्यानंतर पाण्याचं काम एकट्या माणसाकडं ठेवायचं नाही असं ठरलं, आणि दिंडीचं पाणी पथक झालं. आपली पाच पोरं, आणि दर मुक्कामाच्या गावची दोन-तीन.

पथक काय करतं ते लिहून ठेवतो, पुढच्यांच्या उपयोगी पडेल. आषाढीच्या आधी पंधरा दिवस पोरं मोटारसायकलवर सगळी वाट फिरतात. प्रत्येक गावच्या जलसुरक्षकाला भेटतात. ग्रामपंचायतीला पाण्याच्या तपासणीवरून लाल, पिवळं नाहीतर हिरवं कार्ड मिळतं, ते विचारतात. लाल असलं तर मुक्काम हलवतात, मान कोणाचाही असो. विहिरीचं पाणी मोजायचं गणित असं : विहिरीचा व्यास मीटरात, त्याला परत व्यासानं गुणायचं, मग पाण्याच्या खोलीनं, मग ७८५ नं. तेवढे लिटर पाणी. दर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पावडर. १०,००० लिटरच्या टँकरला ५० ग्रॅम. पावडर थेट टाकायची नाही. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी ओतायचं. मग निदान अर्धा तास कोणीही पाण्याला हात लावायचा नाही. त्यानंतर बाटलीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकायचे. पिवळं झालं तर प्यायचं. पांढरंच राहिलं तर पुन्हा. पावडर जुनी, उघडी राहिलेली असली तर तिच्यात दम नसतो, म्हणून पुडकं बंद बघूनच घ्यायचं.

पंढरीला गेल्यावर चंद्रभागेचं तीर्थ डोळ्याला लावावं, प्यायचं पाणी पथकाच्या टाकीचं. यावर एका बुवांनी मला भर कीर्तनात नास्तिक म्हटलं. मी त्यांच्या पाया पडलो आणि त्यांनाही आमच्या टाकीचंच पाणी दिलं. ते प्याले.

बाटलीबंद पाण्याबद्दल एवढंच, की ते शुद्ध असेल, पण ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याचंच. दिंडीत मागं चालणाऱ्या मजूर बायांना ते परवडत नाही. आणि रिकाम्या बाटल्या ओढ्यात जातात, पुढच्या गावच्या पाण्याला. म्हणून दिंडीनं बाटल्या वाटू नयेत असं माझं मत आहे. पथकातल्या पोरांचं मत वेगळं आहे, पावसात टाकी अडकली की बाटलीशिवाय पर्याय नाही म्हणतात. त्यांचंही चूक नाही.

त्या वस्तीतला हापसा अजून आहे. पाण्याची पातळी खाली गेली, आता चाळीस-पन्नास वेळा हापसल्यावर धार येते. जलजीवनचा नळ आलाय, दोन दिवसाआड पाणी येतं. हापशावर ज्या म्हातारीनं मायला पाणी दिलं, तिचा नातू त्या गावचा जलसुरक्षक आहे. दिंडी निघाली की त्याचा फोन येतो, "बापू, टाकी धुतली, पावडर टाकली, या."

मायचा हंडा तांब्याचा, तीन ठिकाणी डाग दिलेला. माय गेल्यावर तो माझ्या बायकोकडं होता, तिचे गुडघे गेल्यावर सुनेकडं. सून बाळंतपणात असल्यानं यंदा हंड्याला कोणी नव्हतं, तेव्हा त्या जलसुरक्षकाची बायको म्हणाली, मी येते. विसाव्याच्या ठिकाणी तिनं नळाखाली हंडा धरला, मी बाटलीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाकले. पिवळं झालं. मग चोपदारानं हाक दिली आणि आम्ही परंड्याच्या वाटेला लागलो.